स्नोशू घातले तरी पाय रुततात? या चुका टाळा

स्नोशू म्हणजे बर्फात फार रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद फ्रेम. त्या पहिल्यांदा चढवलेल्या माणसाची तक्रार दहा पावलांत ऐकू येते: "हे घालूनही मी रुततोच आहे!" थोडं रुतणं ठरलेलंच असतं. ताज्या, भुसभुशीत बर्फात चांगली जोडीसुद्धा वीतभर आत जाते. नुसत्या बुटांनी मांडीपर्यंत गेला असता. पण गुडघ्यापर्यंत जात असाल, तर कुठेतरी चुकलंय, आणि ती चूक बहुतेक वेळा जोडी निवडतानाच झालेली असते.

लोक बुटाच्या नंबरावरून स्नोशू घेतात. बुटाचा नंबर पाहायचा तो बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट फ्रेमला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या पकडीत, बूट नीट बसतो का, एवढ्यासाठीच. फ्रेमची लांबी ठरते वजनावर, आणि हे वजन म्हणजे सकाळी काट्यावर दिसतं ते नव्हे. सॅक, पाणी, जड बूट, जाकीट सगळं त्यात धरायचं. 70 किलोचा माणूस 12 किलोची सॅक आणि 5 किलोचे कपडे-बूट घेऊन निघाला, की बर्फावर 87 किलो उभे राहतात. 25 इंची जोडी बऱ्याच तक्त्यांमध्ये साधारण 90 किलोपर्यंत दिलेली असते, म्हणजे हा माणूस काठावर आहे. मळलेल्या, दाबलेल्या वाटेवर त्याचं काम होईल. खोल भुसभुशीत बर्फात त्याला 30 इंची लागेल.

म्हणून सरसकट मोठी घ्यावी, असंही नाही. लांब-रुंद फ्रेम दाट झाडीत वळताना अडकते, आणि दिवसभर पाय फाकवून चालल्यामुळे संध्याकाळी जांघा भरून येतात. तुमच्या दहातल्या आठ फेऱ्या मळलेल्या वाटांवर होणार असतील, तर माझं मत छोट्या जोडीलाच. काही छोट्या जोड्यांना मागून जोडायच्या शेपट्या मिळतात. खोल बर्फाच्या दिवशी त्या लावता येतात.

जोडी बरोबर असूनही चालणं जमत नसेल, तर बूट कुठे बसलाय ते पाहा. चवड्याचा फुगीर भाग बाइंडिंग फ्रेमवर फिरतं त्या बिजागरीच्या बरोबर वर यायला हवा, कारण स्नोशूच्या पुढच्या पंज्याचे दात तिथेच खाली असतात. बूट मागे सरकला, की चढावर दात बर्फात रुतत नाहीत आणि पाय घसरतो. फार पुढे गेला, तर बुटाचं टोक फ्रेमला आपटत राहतं. पट्टे आवळल्यावर एक पाय उचलून बघा: बूट फ्रेमला घासत नाही ना, टाच डावी-उजवीकडे हलत नाही ना. बकलं नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवा. मी सुरुवातीला ती आत ठेवली होती, आणि तासाभरात एक बकल दुसऱ्या फ्रेमला अडकून उघडलं. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा ओढा. बुटावरचा बर्फ दबतो आणि पट्टे सैल पडतात. हे सगळं जाड हातमोजे घालून करता येतं का, ते घरीच करून पाहा. मात्र बोटं बधिर होतील इतकं आवळू नका. रक्तपुरवठा कमी झालेला पाय आधी गारठतो.

दुसरी नेहमीची तक्रार: "पायाखाली बर्फाचे गोळे चिकटतात." शून्य अंशाच्या आसपासचा ओला बर्फ चिकटतोच. पण कोरड्या थंडीतही चिकटत असेल, तर स्नोशू गरम खोलीतून किंवा गाडीतून थेट बर्फावर आलेत. कोमट धातूला लागलेला बर्फ वितळतो, लगेच गोठतो आणि त्यावर थर चढत जातात. निघण्याआधी थोडा वेळ जोडी बाहेर गार होऊ द्या. वाटेत गोळा धरला, तर काठीने फ्रेमच्या कडेवर ठोका. गोळ्यावर डोलत चाललात, तर घोटा मुरगळेल.

मागे मागे पावलं टाकू नका. शेपूट बर्फात खुपसते आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं असेल तर छोटा गोल घ्या. तीव्र चढावर टाचेखालचा आधार वर करा, पोटऱ्यांचा ताण एकदम कमी होतो. सपाटीवर तो खाली करायला मात्र विसरू नका. उतरताना घाबरून मागे रेलाल, तर दात सुटतात. गुडघे थोडे वाकवा आणि वजन पायांच्या वर ठेवा. काठ्यांना रुंद चकत्या हव्यात, नाहीतर त्या मुठीपर्यंत आत जातात. आणि कडक निळसर बर्फाच्या उतारावर स्नोशूंच्या दातांवर विसंबू नका. तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाला बांधायचे अणकुचीदार धातूचे दात, लागतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच आहे. स्नोशू घातले की कुठेही जाता येतं, असं वाटायला लागतं. पण हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी वरच्या उताराखालीच उभे असू शकता. निघण्याआधी त्या भागाचा हिमस्खलनाचा इशारा वाचा. धोक्याच्या भागात जाणारच असाल, तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं-घेणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सरावही. गाडल्या गेलेल्या माणसाकडे मोजकी मिनिटं असतात. बाहेरून मदत येईपर्यंत ती संपतात. खोल बर्फात सूचिपर्णी झाडांच्या बुंध्यालगतही जाऊ नका. खालच्या फांद्यांआड पोकळ खड्डा असतो, आणि त्यात पडलेल्याला स्वतःहून बाहेर येणं फार अवघड जातं.

वेळेचा हिशेब उन्हाळ्याच्या चालीवर करू नका, दुप्पट धरा. पुढे वाट पाडणारा आलटूनपालटून बदला, म्हणजे एकाच्याच मांड्या संपणार नाहीत. स्कीच्या आखलेल्या रुळांवर पाय देऊ नका, त्यांच्या बाजूने चाला. सुती कपडे नकोत. घामाने भिजले की थांबल्याबरोबर हुडहुडी भरते.

सॅकच्या वरच्याच कप्प्यात एक जादा पट्टा, थोडी तार आणि चार-पाच प्लॅस्टिकचे झिप टाय ठेवा. थंडीत कडक झालेला पट्टा तुटतो तो बहुधा परतीच्या वाटेवर, अंधार पडायला लागल्यावर, आणि त्या वेळी सॅकचा तळ उपसत बसायची तुमच्या बोटांची तयारी नसते.