नेपाळमधला सेवेचा दिवस: नवापूर-नंदुरबारहून निघणाऱ्या तरुणांसाठी

परदेशी सेवेला जायचं ठरलं की आपल्याकडची तरुण मुलं आधी गाणी बसवतात, आपल्या विश्वासाची साक्ष पाठ करतात. नेपाळच्या कुष्ठरोग रुग्णालयात जाणार असाल तर त्याआधी पाय धुवायला शिका. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाबरोबर मी गेले तेव्हा दिवसातला बहुतेक वेळ रुग्णांच्या पायांशीच गेला, आणि यात्रेतली खरी सेवा तीच होती असं मी आजही मानते.

तिथला कायदा मात्र निघण्याआधीच समजून घ्या. २०१५ च्या राज्यघटनेच्या २६व्या कलमाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आपल्याला व्हिसा लागत नसला तरी कायद्याला आपण परदेशीच. धर्मप्रचाराची पत्रकं बॅगेत नकोतच. तुम्ही चार दिवसांनी परत याल, त्रास तिथल्या मंडळीला होईल.

दिवस लवकर सुरू होतो. सकाळी नुसता चहा, मग भक्ती, मग कामाची वाटणी. दहाच्या सुमाराला डाळ-भात मिळतो. सकाळी भाकरी खाऊन निघणाऱ्यांना पहिले दिवस जड जातात, जवळ शेंगदाणे-गूळ ठेवा.

आता पायांविषयी. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही, तशीच चाल चालू राहते आणि जखम खोल जाते. म्हणून रोज पाय साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायचे, घट्टे दगडाने हलके घासायचे, ओल्या कातडीवरच तेल किंवा व्हॅसलिन लावायचं, मग तळवा आणि बोटांच्या बेचक्या नीट तपासायच्या. गरम पाणी अजिबात नको, भाजलेलं रुग्णाला समजणारच नाही. उघडी जखम दिसली तर हात न लावता सिस्टरला, म्हणजे नर्सला बोलवा. शेवटी मऊ रबरी तळाची चप्पल (तिला एमसीआर म्हणतात) पायात नीट बसते का ते बघा.

संसर्गाची भीती घरच्यांना वाटते, त्यांना हे सांगा: बहुविध औषधोपचार, म्हणजे एकत्र दिलेली अनेक औषधं, सहा ते बारा महिन्यांचा असतो, मोफत मिळतो, आणि तो सुरू झाल्यावर रुग्णापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो.

एका आमाचे (नेपाळीत आमा म्हणजे आई) पाय पुसत होते तेव्हा तिने मोडक्या हिंदीत विचारलं, "तुमच्या गावाकडे आहे का हा रोग?"

"आहे, आमा," मी म्हटलं. "आमच्या सातपुड्याकडेही आहे."

मग तिने तिच्या गावाचं, तिला वेगळं जेवायला वाढायचे त्याचं, सगळं सांगितलं. मी ऐकत राहिले. मला नेपाळी फार येत नव्हती, तरी तिला घाईने उठवणं मला जमलं नसतं. अशा वेळी वेळापत्रक बाजूला ठेवा. प्रार्थना रुग्णाने मागितली तरच, आणि तीही सिस्टरला विचारून. फोटो काढूच नका. ज्यांना गावाने हाकललं त्यांचे चेहरे आपल्या मोबाइलवर फिरायला नकोत.

डॉक्टर असाल तरी नेपाळ मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. बाकीच्यांनी चादरी धुणं, पट्ट्या कापणं, पाणी आणणं, जे सांगतील ते करावं. ललितपूर जिल्ह्यातलं आनंदबन रुग्णालय १९५७ पासून हे काम करतंय. अशा ठिकाणी आपण शिकायला जातो. सराव मात्र घराजवळ करता येतो. चिंचपाड्याच्या ख्रिश्चन हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी काढून ड्रेसिंगच्या खोलीत थोडे दिवस उभे राहा. ज्याला तिथला वास सोसत नाही, त्याने पाळकांना तसं स्पष्ट सांगावं. मंडळीत त्याच्यासाठी दुसरी कामं पुष्कळ आहेत.

जाताना भुसावळहून रेल्वेने बिहारच्या सीमेवरचं रक्सौल, तिथून सीमा ओलांडून वीरगंज. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर घ्या, आधार कार्डावर विसंबू नका. नेपाळमध्ये मंडळीची उपासना शनिवारी भरते, तो त्यांचा सुट्टीचा दिवस, म्हणून यात्रेत एक शनिवार येईल असं बघा. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात, तेव्हा निघू नका. दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या सुट्टीत कर्मचारी गावी जातात. नोव्हेंबर बरा, फक्त स्वेटर घ्या.