तडा दिसला की लांबी भरू नका, तारीख लिहा

तडा दिसला की घरमालकाला पहिली घाई असते ती लांबी (पुट्टी) भरून रंग मारायची. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. रंगाखाली गेलेला तडा वाढतोय की थांबलाय, हे मला नंतर कुणीच सांगू शकत नाही.

आधी गिलावा खरवडून बघा. भेग फक्त गिलाव्यात असेल, तर बहुतेक वेळा चिंता नसते. आत काँक्रीटलाही तडा असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. मध्यभागी कोरड्या, उघड्या काँक्रीटवर तड्याला आडवी अशी पातळ काचपट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं पीओपीने पक्की करा. काच फुटली, म्हणजे बांधकाम अजून हलतंय. रोज त्याच जागेवरून, मोजपट्टी धरून फोटो काढा. तडा किती रुंद आहे यापेक्षा तो किती वेगाने वाढतोय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

काही तड्यांना मात्र असं रोज बघत बसायची मुदत द्यायची नाही. कॉलमला उभे तडे जाऊन काँक्रीट सुटत असेल, बीम कॉलमला मिळतो तिथे तिरका तडा असेल, किंवा बीम नसलेल्या सपाट स्लॅबला कॉलमभोवती गोल भेग पडली असेल, तर आधी माणसं बाहेर काढा. सपाट स्लॅबमध्ये कॉलम आरपार घुसतो आणि स्लॅब एका झटक्यात खाली येतो.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या सामपूंग डिपार्टमेंट स्टोअरमध्ये असेच सपाट स्लॅब होते. कॉलम ८० सेंटिमीटरचे हवे होते, बांधले ६०चे. एप्रिल १९९५मध्ये पाचव्या मजल्याच्या छताला तडे दिसले. २९ जूनला ते इतके वाढले की वरचा मजला बंद करावा लागला. खाली विक्री मात्र चालूच ठेवली. संध्याकाळी इमारत कोसळली, ५०२ माणसं गेली. हे वाचून मला आजही संताप येतो, कारण धोका ओळखायचं काम तर झालं होतं.

म्हणून कळवताना शब्द जपून वापरा. फ्लोरिडातल्या सर्फसाइडच्या इमारतीबद्दल २०१८च्या अहवालात पोहण्याच्या तलावाभोवतीच्या मोकळ्या जागेखालच्या स्लॅबचं मोठं नुकसान नोंदलेलं होतं. पण आज रात्री इथे राहायचं की नाही, हे त्यात नव्हतं. २०२१मध्ये ती कोसळून ९८ जण दगावले. बांगलादेशातल्या राणा प्लाझा या इमारतीत तडे पाहून तिथली बँक रिकामी झाली, कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. इमारत कोसळून १,१३४ जीव गेले.

तेव्हा पत्राच्या पहिल्याच ओळीत निर्णय मागा, तोही मजला बंद करायचा अधिकार असलेल्या माणसाकडे. रहिवाशांना आणि तिथे काम करणाऱ्यांना प्रत द्या. मी असं लिहितो: “तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या कॉलमला उभा तडा आहे, कालपेक्षा वाढला आहे. इंजिनिअर लेखी परवानगी देईपर्यंत पूर्ण इमारत रिकामी ठेवावी. ‘हो’ की ‘नाही’, ते सही करून आजच कळवावे.”