उशिरा फुलणारं झाड आधी लावा: गोव्यात घरची फुलबाग वर्षावर्षाने कशी वाढवावी

पहिले पाऊस पडले की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपं दिसू लागतात आणि हात आपोआप झेंडू-मोगऱ्याकडे जातो. फुललेलं रोप समोर असताना कळीचा पत्ता नसलेली ओवळ कोण घेणार? पण अंगण बारमाही फुललेलं हवं असेल तर पहिल्या पावसात तीच घरी यायला हवी. ओवळ, म्हणजे बकुळ, फुलायला पाच-सात वर्षं सहज घेते. सुरंगीला आठ-दहा वर्षंही लागतात. मोगरा दुसऱ्या वर्षी लावला तरी काही बिघडत नाही. सुरंगीचं मात्र एक वर्ष पुढे ढकललं की फुलंही तेवढीच लांबतात.

लावण्याआधी ऊन आणि पाणी पाहा

गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, डिसेंबरात तो बराच दक्षिणेला झुकतो. घराच्या उत्तरेकडची जागा मेमध्ये उन्हाने तापते आणि डिसेंबरात दिवसभर सावलीत असते. थंडीत फुलणारी शेवंती तिथे लावली तर नुसती पानं मिळतील. म्हणून डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा, सकाळी, दुपारी आणि चार वाजता सावली कुठे पडते तिथे खडूने किंवा खुंटीने खूण करा.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने जमीन तहानलेली. रोप बुडणार नाही आणि मार्चमध्ये सुकणारही नाही, अशी सोय खड्डा खणतानाच करावी लागते.

खड्डे मे महिन्यात

झाडांसाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा हवा, झुडपांना दीड-दोन फूट पुरे. खणून झाल्यावर त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. सकाळपर्यंत जिरलं तर उत्तम. तसंच उभं राहिलं तर खाली सलग चिरा, म्हणजे जांभा दगड आहे. ही परीक्षा आम्ही पहिल्या वर्षी केली नाही. सोनचाफ्याचं सुंदर कलम जुलैपर्यंत पिवळं पडलं, उपटून पाहिलं तर मुळं कुजून काळी. आईने ते कलम हौसेने आणलं होतं, तिला फार वाईट वाटलं. अशा जागी पहारीने तळ फोडून पाण्याला वाट करा, नाहीतर खड्डा सोडून चिऱ्याच्या तुकड्यांनी दीड-दोन फूट उंच वाफा बांधा.

पाणी जिरणाऱ्या खड्ड्याच्या तळाशी नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पोकळ बाजू वर करून रचा. ती ओल धरून ठेवतात. वर पालापाचोळा, कुजलेलं शेण आणि खणताना बाजूला ठेवलेली वरची माती. काजू-फणसाची पानं जाळू नका, एका कोपऱ्यात साठवा. वर्षभरात त्यांचं खत होतं.

घर नवीन असेल तर सिमेंटचे गोळे आणि चुन्याची ढेकळं वेचून काढा. आपली चिऱ्याची माती आंबट असते आणि अनंत, एक्झोरा यांना ती तशीच आवडते. चुना मिसळला की त्यांची पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. रंगकाम करतानाही भिंतीलगतची माती झाकावी.

पहिला पावसाळा: झाडं आणि कुंपण

पहिल्या सरीला घाई नको. आठ-दहा दिवस पाऊस लागला, माती खालपर्यंत भिजली की लावा. ओवळ आणि सुरंगी घरापासून वीस फूट लांब. सोनचाफ्याचं कलमच घ्या, ते दोन-तीन वर्षांत फुलतं. पारिजात मागच्या दारी चालेल, पण खाली फरशी नको, फुलं पडतील तिथे माती झाडून स्वच्छ ठेवता आली पाहिजे. झाडाभोवती मातीचा उंचवटा ठेवा. आळं ऑक्टोबरात करायचं.

गुरं आत येत असतील तर कडेने कण्हेर लावा, ती गुरं खात नाहीत. मात्र तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर कण्हेरीऐवजी जास्वंद बरी: पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची फांदी जुलैत खोचली की रुजते.

दुसरं आणि तिसरं वर्ष: रोजची फुलं

आता मोगरा, अनंत, तगर, जाई. मोगऱ्याला भरपूर ऊन हवं. डिसेंबरअखेर पाणी तोडा, जानेवारीत छाटा, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करा. मार्चपासून मेपर्यंत कळ्या वेचून हात थकतात. जाईला मांडव करा. म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांची पूजा होते तेव्हा ही वेल पावसात किती फुलते ते कळतं.

शेवंतीला कळ्या धरायला लांब काळोखी रात्र लागते. रात्रभर बल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या ओसरीतला दिवा तिच्यावर पडत असेल तर ती फुलत नाही. कुंडी दक्षिणेला, दिव्यापासून आडोशाला ठेवा.

उन्हाळ्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा.

मार्चनंतर विहीर खाली जाते. तेव्हा नवीन काही लावू नका. आहेत त्या आळ्यांवर चार बोटं पाला पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका, वाळवी धरते.

चौथ्या वर्षानंतर: सावली

झाडं वाढली की बाग बदलते. ज्या मोगऱ्यावर ओवळीची सावली येईल तो पावसाळ्यात मातीच्या गड्ड्यासकट उन्हात हलवा. मोकळ्या झालेल्या जागी अबोली लावा, तिला गाळीव ऊन मानवतं. तिच्या मुळांना सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या बारीक किड्यांचा त्रास होतो, म्हणून लावण्याआधी एक हंगाम त्या वाफ्यात झेंडू घ्या आणि नंतर तो मातीतच गाडा. अबोलीचं बी घरचंच धरा. शेंगा तपकिरी झाल्या की मेमध्ये, वळवाच्या सरीआधी काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. पाण्याचा थेंब लागला की त्या तडतड फुटतात आणि बी अंगणभर उडून जातं.