गावाशी जोडलेला प्राध्यापक मोजायचा कसा?

महाविद्यालयाच्या अहवालात विस्तार कार्याचा तक्ता भरगच्च असतो: किती शिबिरं, किती झाडं, किती व्याख्यानं, किती लाभार्थी. त्यातून काम कळतं, माणूस कळत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) सात दिवसांचं विशेष शिबिर एकाच गावात दोघा प्राध्यापकांनी मिळून घेतलेलं असतं, पण बोंडअळी आली की गावकरी त्यातल्या एकालाच फोन करतात. हा फरक ज्या गुणांमुळे पडतो ते मोजायचे तर मापनपट्टी, म्हणजे उत्तरांना गुण देता येतील अशा विधानांची प्रश्नावली, बांधावी लागते. ती स्टाफरूममध्ये बसून दोन तासांत होत नाही. शैक्षणिक वर्षातले आठ-दहा महिने हाताशी ठेवूनच सुरुवात करा.

आधी गुण, मग विधानं

विद्यापीठ आणि समाज यांच्या सीमेवर काम करणाऱ्यांबद्दल वीर्ट्स आणि सँडमन यांनी 2010 मध्ये चार भूमिका मांडल्या होत्या: लोकांबरोबर बसून प्रश्न सोडवणारा, तांत्रिक तज्ज्ञ, संस्थेच्या आत या कामासाठी भांडणारा आणि संस्थेच्या वतीने या कामाचा झेंडा घेऊन उभा राहणारा. ही मांडणी अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठांवरून आली आहे, म्हणून ती जशीच्या तशी उचलू नका. तिच्यातली एक गोष्ट मात्र घ्या: ‘आदर्श प्राध्यापक’ एकच नसतो. म्हणून एकच एकूण गुण न काढता चार-पाच उपपट्ट्या ठेवा, म्हणजे प्रत्येक गुणासाठी विधानांचा वेगळा गट.

विदर्भातल्या ग्रामीण महाविद्यालयांसाठी सुरुवातीला हे पाच गुण पुरतात: भाषा बदलता येणं (शास्त्रातलं शेतात आणि शेतातलं शास्त्रात), गावाच्या ज्ञानाला ज्ञान मानणं, पुन्हा जाणं, संस्थेतून काम काढून घेणं आणि श्रेय वाटणं. चौथ्या गुणाकडे सर्रास दुर्लक्ष होतं. गावात कितीही गोड बोलणारे सर असोत, माती परीक्षणाचा अहवाल प्रयोगशाळेतून वेळेत निघाला नाही तर महाविद्यालय आणि गाव यांच्यामधला पूल अर्धाच राहिला.

यादी पक्की करण्याआधी मुलाखती घ्या. बारा-पंधरा प्राध्यापक आणि वीस-पंचवीस गावकरी: सरपंच, बचत गटाच्या अध्यक्ष, आशाताई, कृषी सहायक, पोलीस पाटील, आणि कोणत्याही पदावर नसलेले निदान दहा जण. ‘चांगला प्राध्यापक कसा असावा?’ असं विचारलं की भाषण ऐकायला मिळतं. त्याऐवजी म्हणा, ‘कॉलेजातल्या माणसाचा उपयोग झाला असा एक प्रसंग सांगा. आणि ज्याने त्रास झाला असाही एक.’ ही प्रसंग-पद्धत फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडली. ती ग्रामीण भागात छान चालते, कारण लोकांना मत विचारलं की संकोच वाटतो, प्रसंग मात्र सांगता येतो.

ग्रामसभा जागी असलेल्या गावात आधी तिची परवानगी घ्या. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वानुमते होतात आणि बाहेरच्या जाणकारांसोबत बसून विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट चालत आला आहे. अशा ठिकाणी ‘गावाच्या ज्ञानाला ज्ञान मानणं’ हा गुण कसा दिसतो, ते समोर पाहता येतं: पाहुणा फळ्यापाशी उभा असतो की गोलात बसलेला असतो?

विधानं लिहिताना

साठ विधानं लिहा, त्यातली शेवटी वीस-पंचवीस उरतील. एका विधानात एकच गोष्ट असावी. ‘मी गावाला भेट देतो व शेतकऱ्यांना मार्गदर्शन करतो’ हे बाद, कारण भेट देणारा पण मार्गदर्शन न करणारा माणूस कुठे खूण करणार? ‘मला समाजाबद्दल तळमळ आहे’ हेही बाद. याला नाही म्हणणारा प्राध्यापक शोधून सापडणार नाही.

मराठीची एक खास अडचण म्हणजे ‘देतो/देते, जातो/जाते’. प्रत्येक ओळीत तिरपी रेघ आली की वाचणारा कंटाळतो, आणि केवळ ‘देतो’ छापलं की बाईंना प्रश्नावली आपली वाटत नाही. उपाय सोपा आहे: सकर्मक क्रियापद भूतकाळात वापरा. ‘मी सांगितलं’, ‘मी विचारलं’, ‘मी केलं’ यांत लिंग अडत नाही. शिवाय भूतकाळ आला की विधान आपोआप वृत्तीवरून वागण्यावर येतं. उदाहरणार्थ:

‘गेल्या बारा महिन्यांत, माहिती गोळा केलेल्या गावात मी निष्कर्ष लोकांच्या बोलीत सांगितले.’
‘शेतकऱ्याच्या अनुभवावरून मी माझा सल्ला बदलला.’
‘गावाचं काम अडलं तेव्हा मी विभागप्रमुख किंवा प्राचार्यांकडे त्याचा पाठपुरावा केला.’
‘अहवालात किंवा लेखात मी गावातल्या सहकाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीने घातली.’
‘शिबिर संपल्यावर त्या गावाशी मी संपर्क ठेवला नाही.’ (उलट विधान)

उत्तरासाठी ‘सहमत–असहमत’ऐवजी वारंवारिता ठेवा: कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बहुतेक वेळा, दर वेळी. यांना 1 ते 5 गुण. उलट विधानाचा गुण 6 मधून वजा करा, म्हणजे 2 चे 4 होतात. उलट विधानं चार-पाचच पुरेत. जास्त झाली की विश्लेषणात ती आपलाच वेगळा गट करतात आणि नवा गुण सापडल्याचा भास होतो.

सहावा पर्याय ‘प्रसंगच आला नाही’ असा द्या आणि तो शून्य धरू नका, रिकामा धरा. एखाद्या उपपट्टीत वीस टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या असतील तर त्या व्यक्तीचा त्या उपपट्टीचा गुण काढूच नका. बाकीच्यांची बेरीज न करता सरासरी घ्या.

जाणकारांची चाळणी

दहा जाणकार निवडा आणि त्यातले निदान तीन गावातले असू द्या. प्रत्येक विधान ‘आवश्यक’, ‘उपयुक्त पण आवश्यक नाही’ की ‘अनावश्यक’, हे त्यांनी स्वतंत्रपणे ठरवायचं. लॉशे यांचं 1975 चं सूत्र असं: ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून जाणकारांच्या निम्मी संख्या वजा करा आणि त्याच निम्म्या संख्येने भागा. दहापैकी नऊ जण आवश्यक म्हणाले तर (9−5)÷5 = 0.80. आठ जण म्हणाले तर 0.60. दहा जाणकारांसाठी त्यांच्या तक्त्यातली किमान मर्यादा 0.62 आहे, म्हणजे आठ मतं मिळालेलं विधान केसभर चुकतं. तिथे आकडा ओढूनताणून बसवू नका. विधानाची भाषा सुधारून पुन्हा दाखवा.

मग आठ-दहा प्राध्यापकांना समोर बसवून विधानं मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ एवढंच विचारा. ‘भागधारक’, ‘सहभागिता’, ‘क्षमता बांधणी’ असले शब्द इथे गळून पडतात. पडू द्यावेत.

गावाचं टोक

प्राध्यापकाने स्वतःबद्दल भरलेली प्रश्नावली एकटी वापरली तर त्याला स्वतःबद्दल काय वाटतं, एवढंच मोजलं जातं. पुलाचं दुसरं टोक गावात आहे, तिथेही मोजा.

प्रत्येक प्राध्यापकामागे दोन गावांतले मिळून आठ-दहा जण घ्या. नावं प्राध्यापकांकडून मागू नका, ते आपल्या मर्जीतलीच देणार. शिबिराच्या किंवा ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या हजेरीपटावरून चिठ्ठ्या काढा. निम्म्या स्त्रिया येतील असं पाहा. विचारणारा त्या महाविद्यालयाचा नको, सोबत प्राध्यापक नको आणि कॉलेजची गाडी तर मुळीच नको. गाडी दिसली की सगळे ‘बहुतेक वेळा’वर बोट ठेवतात.

इथे विधानं दहाच ठेवा आणि तोंडी विचारा. पाच पायऱ्या गोंधळात पाडतात, तीन पुरतात: नाही, कधी कधी, हो. अकोला-अमरावतीकडे वऱ्हाडीत विचारा: ‘सर तुमचं म्हननं पुरं आयकून घेते काय?’ गडचिरोलीत काही गावांना गोंडी किंवा माडिया लागेल, मेळघाटात कोरकू. एकाने मराठीतून त्या भाषेत करावं, दुसऱ्याने मूळ न पाहता परत मराठीत आणावं, आणि दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून पाहावं. ‘आदर’ गेला आणि ‘भीती’ परत आली, तर ते विधान पुन्हा बांधा.

वेळही मोजून निवडा. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन आणि मग कापसाची वेचणी. पूर्वेकडे मार्चपासून मोहफुलं, त्यानंतर तेंदूपानं. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरा, तोही संध्याकाळी सातनंतर. प्राध्यापकांनाही उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडण्याआधीच गाठलेलं बरं.

आकडेमोड

चाळणीतून चाळीस विधानं उरली तर विधानामागे पाच ते दहा उत्तरदाते, म्हणजे 200 ते 400 प्राध्यापक लागतात. एका महाविद्यालयातून एवढे मिळणार नाहीत. कृषी, कला-विज्ञान-वाणिज्य, शिक्षणशास्त्र, अभियांत्रिकी असे सगळे घ्या. मुख्य म्हणजे गावात कधीच न जाणारेही घ्या. फक्त रासेयोचे कार्यक्रम अधिकारी घेतले तर सगळ्यांचे गुण चारच्या वर येतात आणि सहसंबंध (दोन विधानांचे गुण सोबत किती वर-खाली होतात त्याचं माप) घसरतात. मग पट्टी खराब आहे असं वाटतं, खरी चूक निवडीची असते.

विश्लेषणाला जामोवी किंवा आर ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात. उपपट्टीच्या बाकी बेरजेशी 0.30 पेक्षा कमी सहसंबंध असलेली विधानं काढा. मग घटक विश्लेषण करा, म्हणजे कोणती विधानं मिळून एक गट (घटक) करतात ते पाहा. त्यासाठी माहिती योग्य आहे का, हे सांगणारा केएमओ निर्देशांक 0.60 च्या वर हवा, 0.80 असेल तर निश्चिंत व्हा. घटक किती, हे ‘आयगेन मूल्य एकाहून जास्त’ या नियमाने ठरवू नका, त्याने घटक फुगतात. समांतर विश्लेषण वापरा, म्हणजे यादृच्छिक आकड्यांतून येणाऱ्या मूल्यांशी आपली मूल्यं ताडून पाहा. गुण एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे तिरकं आवर्तन (घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू देणारं) घ्या. घटकाशी विधानाचं नातं किती घट्ट, हे त्याचा भार सांगतो. 0.40 पेक्षा कमी भार असलेलं विधान गळतं, दोन घटकांवर जवळपास सारखा भार असलेलंही गळतं. प्रत्येक घटकात निदान तीन विधानं राहिली पाहिजेत.

उपपट्टीतली विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत, हे सांगणारा क्रोनबाख अल्फा 0.70 च्या वर असावा. 0.95 च्या वर गेला तर आनंद मानू नका, तुम्ही एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत विचारला आहे. दोन ते चार आठवड्यांनी तीस-चाळीस जणांकडून पुन्हा भरून घ्या, म्हणजे गुण स्थिर राहतात का ते कळेल. सापडलेली रचना खरी ठरते का हे तपासणारं पुष्टीकारक घटक विश्लेषण मात्र वेगळ्या नमुन्यावर करा. ज्या माहितीवरून रचना शोधली तिच्यावरच ती तपासणं म्हणजे उत्तरपत्रिका स्वतःच लिहून स्वतःच तपासणं.

पट्टी खरंच काही मोजते का, याचा साधा पुरावा ज्ञात गटांतून, म्हणजे ज्यांच्यातला फरक आधीच माहीत आहे अशा गटांतून, मिळतो. कृषी विज्ञान केंद्रातले अनुभवी विषय विशेषज्ञ आणि विस्तार कार्य कधीच न केलेले प्राध्यापक यांच्या गुणांत ठळक अंतर दिसलं पाहिजे, निदान ‘पुन्हा जाणं’ आणि ‘भाषा बदलता येणं’ यांत तरी. दिसलं नाही तर विधानांकडे परत जा.

एका प्राध्यापकाबद्दल गावातले आठ-दहा जण एकमेकांशी कितपत जुळतात, हे वर्गांतर्गत सहसंबंधाने (एकाच व्यक्तीला अनेकांनी दिलेले गुण किती जुळतात त्याचं माप) पाहा. सरासरीसाठी तो 0.70 च्या आसपास हवा. फारच कमी आला तर गावकरी चुकले असं धरू नका. सर पाटलाच्या ओसरीवर एक आणि टोलीवर दुसरे असतील. स्त्री-पुरुष आणि वस्तीनुसार गुण वेगळे काढले की ते उघडं पडतं.

हे गुण पदोन्नतीच्या फाइलला जोडू नका. गुणांवर पगारवाढ टांगली की पुढच्या वर्षी सगळ्यांचं ‘दर वेळी’ होतं आणि हजेरीपटही तसेच तयार होतात. नावांऐवजी संकेतांक वापरा, लेखी संमती घ्या आणि पाच उपपट्ट्यांचा आलेख ज्याचा त्याला द्या. त्यात स्वतःचा आणि गावाचा असे दोन स्तंभ शेजारी असावेत. गावाच्या तीन पायऱ्यांचे गुण शेजारी मांडण्याआधी 1, 3, 5 असे करून घ्या, नाहीतर गावाचा स्तंभ उगाच बुटका दिसतो.