सर्फबोर्डावरचा चिकट थर असा घालवला

पावसाळ्यात इपॉक्सीचं, म्हणजे रेझिनमध्ये हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या लेपाचं काम करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी पणजीत कला शिकते. प्रदर्शनासाठी शिवणीच्या लाकडाचा पोकळ सर्फबोर्ड बनवला. त्यावर आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तशी कावी कला, म्हणजे पांढऱ्यावर लाल थर आणि तो खरवडून काढलेली वेल. वेलीची पानं इतकी छान उमटली होती की वरून इपॉक्सीचा पारदर्शक थर द्यायला हात धजेना.

दिला, आणि दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर मेणासारखं बुळबुळीत. नवा थर त्यावर धरेना. दमट हवेत हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होते, त्याचा हा साका. लगेच पॉलिश पेपर मारू नका, तो आणखी पसरतो. हा साका पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा स्क्रबर घेऊन धुतला, कोरड्या कापडाने टिपला, मगच २२० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवला.

बारीक बुडबुड्यांचा त्रास वेगळा. ऊन चढताना लाकडातली हवा फुगून वर येते, म्हणून पुढचा थर संध्याकाळी, गारवा उतरताना, दार बंद करून दिला. या वेळी काचेसारखा बसला.

पोकळ बोर्डाला हवा सुटायला स्क्रूचं भोक ठेवाच. उन्हात ठेवताना ते उघडायचं, पाण्यात नेण्याआधी घट्ट बंद करायचं. नाहीतर आतल्या दाबाने सांधे उकलतात.