दुकानात पाणी शिरण्याआधी

नागपूरचा दुकानदार मे महिन्यात पावसाळ्याची तयारी करतो आणि पोळा झाला की विसरतो. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा पोळा होऊन गणपतीही बसले होते. हाच दसरा-दिवाळीचा माल भरायचा काळ. म्हणून पुढचं सगळं 30 सप्टेंबर संपेपर्यंत हाताशी राहू द्या.

सुरुवात आपल्याच छतापासून करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 1,000 चौरस फुटांच्या स्लॅबवरून 100 मिलिमीटर पावसात साधारण 9,300 लिटर पाणी उतरतं. दुकानापुढे पेव्हर ब्लॉक लावले असतील तर आणखी. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत पाणी न मुरणाऱ्या जागेच्या मापावर दुकानदाराला पावसाळी पाण्याची फी भरावी लागते. आपण निदान हे पाणी जातं कुठे ते बघावं. छताचा पाइप गडर लाइनला, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराला जोडला असेल तर तो आधी तोडून पावसाळी नालीत किंवा शोषखड्ड्यात सोडा. जोरात पाऊस आला की गडर भरते आणि तेच पाणी संडासाच्या भांड्यातून, मोरीच्या जाळीतून वर येतं. समोर पोती रचलेली आणि मागून दुकान भरतंय, असं यामुळेच होतं. बाहेर जाणाऱ्या 4 इंची पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप बसवून घ्या. ती बाहेरच्या बाजूला उघडायला हवी, आणि चेंबर उघडून दर महिन्याला ती साफ करायला हवी; एक पन्नी अडकली तरी ती मिटत नाही. मोरीसाठी स्क्रू आवळला की फुगणारं रबरी बूच घ्या. ओलं फडकं आणि वर वीट, हे टिकत नाही.

दहा फुटी शटरपुढे फूटभर उंच बांध घालायला 35 ते 40 पोती लागतात: तळाला तीन ओळी, त्यावर दोन, वर एक. सिमेंटची रिकामी पोती रेतीने अर्धीच भरा. गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि दोन पोत्यांमध्ये फट राहते. सांधे विटांसारखे चुकवा, पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक अंथरून त्याची कड पहिल्या थराखाली दाबा. बाहेर पाणी गुडघ्याच्या वर गेलं तर मात्र बांध वाढवत बसू नका, त्या दाबाने शटर आत येतं. माणसं बाहेर काढा.

मेन स्विच पाणी आत यायच्या आधीच पाडा. जमीन ओली झाली असेल तर बोर्डाला हात लावू नका. इन्व्हर्टरची बॅटरी, सॉकेट, हिशोबाचा कॉम्प्युटर चार फुटांवर हवेत. कापडाचे गठ्ठे जमिनीवर ठेवूच नका, खालचा एक भिजला की पाणी वर चढत जातं. तळघरात गोदाम असेल तर सप्टेंबर संपेपर्यंत महागडा माल तिथे नको.

आता कागद, आणि नुकसान खरं इथेच वाढतं. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. पण मालाची रक्कम जूनच्या साठ्यावर नाही, दिवाळीच्या साठ्यावर लिहून घ्या. विमा कमी रकमेचा निघाला तर 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. त्याहून जास्त असेल तर दावा त्या प्रमाणात कापला जातो. तळघरातला माल धरलाय का, ते लेखी घ्या. स्टॉकची यादी आणि खरेदीची बिलं दर शनिवारी दुकानाबाहेर, मेलवर पाठवून ठेवा.

पाणी ओसरलं की झाडू मारायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो काढा, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि नुकसान तपासणारा त्यांचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. 2023 मध्ये सरकारने दुकानांना 50,000 आणि टपऱ्यांना 10,000 रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. अशा मदतीला पंचनामा लागतो, त्याची प्रत मागून घ्या. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं, तेव्हा सीएला ती यादी पुढच्या रिटर्नच्या आधी द्या.