तेलाचा भाव पडला म्हणून शेअर घेताय? या चुका टाळा

कच्च्या तेलाचा भाव कोसळायला लागला की छोट्या गुंतवणूकदारांत दोन गट पडतात. एक गट म्हणतो, जग तेलाशिवाय चालणार नाही, भाव परत येणारच, घेऊन ठेवा. दुसरा म्हणतो, अमेरिकेच्या शेल तेलाने (घट्ट खडकांच्या थरांत अडकलेलं तेल) हा धंदा कायमचा बदलला, यात हात घालू नका. वाद तासन्‌तास चालतो आणि सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: तेल कुठे जाणार? हा प्रश्न बड्या बँकांना आणि खुद्द तेलमंत्र्यांनाही सुटलेला नाही. शिवाय तुमचे पैसे तेलात नसतात, एका कंपनीत असतात. वाईट भावात ती कंपनी किती काळ तग धरेल, याचा अंदाज तिच्या ताळेबंदावरून बांधता येतो. वादात मात्र ताळेबंद क्वचितच निघतो.

भाव अर्धा झाला म्हणजे शेल बंद पडेल असं धरून चालणं

जून २०१४ मध्ये ब्रेंट तेल (जगातल्या तेलभावाचा प्रमुख मापदंड) बॅरलला ११५ डॉलरच्या घरात होतं. मग ते घसरू लागलं. २७ नोव्हेंबर २०१४ ला व्हिएन्नात ओपेक या तेल-निर्यातदार देशांच्या संघटनेची बैठक झाली, तेव्हा सौदी अरेबियाचे तेलमंत्री अली अल-नैमी उत्पादनकपातीच्या विरोधात उभे राहिले आणि कपात झाली नाही. भाव पडला तर महागडं तेल काढणारे आपोआप बाजूला होतील, असा त्यामागचा हिशोब होता. जानेवारी २०१६ मध्ये ब्रेंट ३० डॉलरच्याही खाली गेलं. हाच तर्क अनेकांनी शेअरना लावला: शेल संपणार, जुन्या बड्या कंपन्या जिंकणार.

तेलक्षेत्राला सेवा देणाऱ्या बेकर ह्यूज कंपनीच्या मोजणीनुसार अमेरिकेत तेलासाठी चालणाऱ्या रिग (विहिरी खोदणारी यंत्रं) ऑक्टोबर २०१४ मध्ये १,६०९ होत्या. मे २०१६ मध्ये त्या ३१६ उरल्या. म्हणजे पाचांतल्या चार रिग थांबल्या. उत्पादन मात्र रोजच्या साधारण ९६ लाख बॅरलवरून ८५-८६ लाखांपर्यंतच उतरलं. जेमतेम दहावा हिस्सा! पुढे २०१९ संपताना ते १ कोटी ३० लाख बॅरलच्या आसपास पोचलं होतं.

असं का झालं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या प्रत्येक घसरणीत हाच वाद पुन्हा होतो. पैसे कमी पडले तेव्हा कंपन्यांनी हलक्या प्रतीच्या जागा सोडल्या आणि उरलेल्या रिग टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन खोऱ्यासारख्या उत्तम जागी नेल्या. एकाच ठिकाणाहून अनेक विहिरी खोदल्या, जमिनीखालचा आडवा बोगदा आणखी लांब नेला. काम टिकवण्यासाठी ड्रिलिंग आणि फ्रॅकिंग (दाबाने पाणी-वाळू सोडून खडक फोडणं) करून देणाऱ्या कंपन्यांनी दर उतरवले. आधी खोदून ठेवलेल्या, पण फ्रॅकिंग न केलेल्या विहिरी हाताशी होत्याच. काहींनी येणाऱ्या तेलाचा भाव हेजिंग करून आधीच बांधून ठेवला होता. आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं, त्यांना व्याज भरण्यासाठी तोट्यातही तेल काढणं भागच होतं. स्पर्धक अडचणीत आला की तो उत्पादन थांबवतो, ही समजूत या धंद्यात फार महाग पडते.

शेलला अंत नाही, ही समजूतही तितकीच चुकीची. शेलची विहीर पहिल्या वर्षातच साधारण दोन तृतीयांश जोर गमावते. उत्पादन आहे तिथेच ठेवायचं तरी सतत नव्या विहिरी खोदाव्या लागतात आणि त्याला सतत नवा पैसा लागतो. २०२० च्या तडाख्यानंतर भागधारकांनी वाढीपेक्षा परताव्याचा आग्रह धरला. उत्पादक एकमेकांत विलीन होऊ लागले. एक्सॉनमोबिलने जवळपास ६० अब्ज डॉलर मोजून पायोनियर ही पर्मियनमधली मोठी कंपनी घेतली. तो व्यवहार मे २०२४ मध्ये पूर्ण झाला. म्हणून ‘बड्या कंपन्या विरुद्ध शेल’ ही मांडणीच आता जुनी झाली आहे. तुम्ही सुरक्षित म्हणून घेतलेली बडी कंपनी स्वतःच शेलची मोठी उत्पादक असू शकते.

तेलाबद्दल बरोबर असणं पुरेसं मानणं

माझ्या मते ही सगळ्यांत घातक चूक आहे.

एप्रिल २०२० मध्ये व्हाइटिंग पेट्रोलियमने दिवाळखोरीचा अर्ज केला, जूनमध्ये चेसापीक एनर्जीने. ‘तेल पुन्हा वर येणार’ असं म्हणत त्या काळात असे शेअर धरून बसलेला माणूस चुकीचं बोलत नव्हता. मार्च २०२२ मध्ये ब्रेंट काही काळ १३० डॉलरच्याही वर गेलं. दोन्ही कंपन्या दिवाळखोरीतून बाहेर आल्या आणि तेव्हा कामही करत होत्या. पण व्हाइटिंगच्या जुन्या भागधारकांना नव्या कंपनीत ३ टक्के हिस्सा आणि काही वॉरंट (ठरल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क) मिळाले, चेसापीकच्या जुन्या भागधारकांचे शेअर रद्दच झाले. बाकी मालकी कर्ज देणाऱ्यांकडे गेली. भाकीत खरं ठरलं, त्याचा फायदा मात्र दुसऱ्यांना मिळाला.

म्हणून ‘शेअर ८० टक्के पडलाय, आता अजून किती पडणार?’ हा विचार मनात आला की आधी कर्ज बघा. एकूण कर्ज किती, त्यातलं पुढच्या दोन-तीन वर्षांत किती फेडायचं आहे, बँकेकडे अजून किती उचल शिल्लक आहे. छोट्या उत्पादकांची बँकमर्यादा बहुधा जमिनीखालच्या साठ्याच्या किमतीवर ठरते. भाव पडला की साठ्याची किंमत घटते आणि नेमक्या गरजेच्या वेळी बँक मर्यादा कमी करते. ८० टक्के पडलेला शेअर तिथून आणखी अर्धा झाला, तर आज गुंतवलेले तुमचे अर्धे पैसे जातात. आधीच्या पडझडीने यात काहीच फरक पडत नाही.

सादरीकरणातला ब्रेकइव्हन (ना नफा ना तोटा असा भाव) खरा मानणं

‘आम्हाला ४० डॉलरलाही परवडतं’ असं कंपनी सांगते, तेव्हा त्या ४० मध्ये काय धरलंय ते विचारा. अनेकदा त्यात फक्त ड्रिलिंग आणि रोजचा चालू खर्च असतो. जमिनीची किंमत, व्याज, मुख्य कार्यालयाचा खर्च बाहेर राहतो. डॅलसची फेडरल रिझर्व्ह बँक तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची नियमित पाहणी करते. मार्च २०२५ च्या पाहणीत जुन्या विहिरींचा चालू खर्च भागवायला सरासरी ४१ डॉलर लागतात, आणि नवी विहीर फायद्यात खोदायला ६५ डॉलर, असं उत्तर आलं. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता पुढे करायचा, ते कंपनी ठरवते. तुम्ही त्याऐवजी गेल्या पाच-सहा वर्षांचा कॅश फ्लो (धंद्यातून आलेली रोख) काढा, त्यातून भांडवली खर्च वजा करा आणि वाईट वर्षात काय उरलं ते पाहा.

मोठा लाभांश म्हणजे भक्कम कंपनी

शेअर पडला की लाभांशाचा टक्का आपोआप फुगतो. तो फुगलेला आकडा बहुतेक वेळा सांगत असतो की बाजाराला हा लाभांश टिकेल असं वाटत नाही. कोनोकोफिलिप्सने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिमाही लाभांश ७४ सेंटवरून २५ वर आणला. शेलने (इथे कंपनी) एप्रिल २०२० मध्ये ४७ सेंटचे १६ केले, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. पाइपलाइनवाले सुरक्षित, असंही मानू नका: किंडर मॉर्गनने डिसेंबर २०१५ मध्ये ५१ सेंटवरून १२.५ सेंट केले. तेल वाहून नेण्याचं शुल्क येत होतं, पण कर्जाचा बोजा मोठा होता.

कमी पी/ई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे, तो आकडा) सुद्धा असाच फसवतो. तेलकंपनी सगळ्यांत स्वस्त दिसते ती नफा शिखरावर असताना.

सगळ्या तेलकंपन्या एकाच मापाने मोजणं

निव्वळ उत्पादक कंपनीला भावाची थेट झळ बसते. रिफायनरीसाठी कच्चं तेल हा कच्चा माल आहे, तिचा नफा तेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या भावांतल्या फरकावर ठरतो, त्यामुळे घसरणीत ती कमावूही शकते. ड्रिलिंग सेवा देणाऱ्यांना सगळ्यांत आधी फटका बसतो, कारण उत्पादक पहिल्यांदा खर्चच कापतात.

कंपनीची कटकट नको म्हणून काही जण वायद्यांत (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने तेल घेण्याच्या करारांत) गुंतवणाऱ्या तेल-फंडात जातात. पुढच्या महिन्याचा वायदा चालू महिन्यापेक्षा महाग असेल, तर फंड दर महिन्याला स्वस्त विकून महाग घेतो आणि भाव स्थिर राहिला तरी पैसे झिजतात. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, कारण या वायद्याचं तेल जिथे ताब्यात घ्यावं लागतं, त्या ओक्लाहोमातल्या कुशिंगमध्ये तेल ठेवायला जागा मिळेनाशी झाली होती. दीर्घ मुदतीसाठी हे साधन वापरू नका.

शेअर आधीच घेतलाय आणि काहीतरी बिनसलंय?

तेल स्थिर आहे, पण तुमचा शेअर पडतोय: कंपनीच्या रोख्यांचा भाव बघा. शेअरआधी तो पडायला लागला असेल, तर कर्ज देणाऱ्यांनाच शंका आली आहे. कंपनीच्या उत्पादनात नैसर्गिक वायूचा वाटा किती, तेही तपासा, कारण त्याचा भाव वेगळा चालतो.

तेल चढतंय, पण शेअर हलत नाही: बहुधा कंपनीने कमी भावात हेजिंग करून ठेवलंय. तिमाही अहवालाच्या टिपांमध्ये किती बॅरल, कोणत्या भावाने आणि कोणत्या तिमाहीपर्यंत बांधलेत, ते दिलेलं असतं.

तेल पडतंय, पण नफा टिकून आहे: त्याच टिपा पुन्हा उघडा. हेजिंग संपण्याची तारीख आणि मोठं कर्ज फेडण्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. कर्जाची तारीख नंतरची असेल, तर ॲव्हरेज करायला (पडलेल्या भावात घेऊन सरासरी खरेदी किंमत उतरवायला) आणखी पैसे घालण्याआधी मधल्या महिन्यांचं व्याज आणि मुद्दल आजच्या बाजारभावाने निघतंय का, हे मांडून बघा. निघत नसेल तर खरेदी थांबवा.